चिखलठाण्याचं विमान

आमच्या सासरी लेक कोसात मोजून देत नसत, उजेडात मोजून देत. म्हणजे असं, की लेकीनं सासरहून सकाळी निघावं आणि दुसरबीडला आमच्या दारात दिवेलागणीच्या आत पाय ठेवावा. एवढ्या टप्प्यात बसेल ते स्थळ. त्यापलीकडचं राजाचं असलं तरी नको. हा नेम मुळात कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तो पाळणाऱ्या माझ्या सासूबाई, सत्यभामाबाई, ओसरीवर ठाण मांडून बसलेल्या असत, आणि तेवढं पुरे होतं.

नेम दमणीच्या काळातला. बैलांची दमणी दिवसभरात जेवढं चालेल, तेवढंच आमच्या सोयरिकीचं जग. पुढे एसटी आली आणि नेम न मोडता जग वाढलं. सासूबाईंच्या धाकट्या नणंदेला अकोल्याला दिली तेव्हा भावकीत कुजबुज झाली म्हणे. पण ती पहिल्या दिवाळीला एसटीनं आली, दिवे लागायच्या आत आली, हातपाय धुऊन तिनं स्वतःच दिवा लावला, आणि कुजबुज जिथल्या तिथं बसली. मी सांगते आहे ती गोष्ट महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली तेव्हाची. सडकेवरचे मैलाचे दगड नुकतेच किलोमीटरचे झाले होते. आकडे एकदम फुगले. सासूबाईंना तर सरकारनं सगळी गावं रातोरात लांब नेऊन ठेवली असंच वाटायचं. म्हणून त्यांचा दगडांवर भरवसा नव्हता, उजेडावर होता.

हा नेम लेकींसाठी. सुना कुठून आणायच्या याला काही नेम नव्हता. उलट सून लांबची असली तर बरी, ऊठसूट माहेरी पळत नाही, अशी म्हणायची रीत होती. मी मेहकरची. एसटीनं तास-दीड तास. त्यामुळे माझ्या लग्नाच्या वेळी सासूबाईंनी "लय जवळची हाये व" म्हणून नाक मुरडलं होतं. असो.

तर माझी नणंद द्वारका. घरातली एकुलती एक लेक, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आणि बोलायला लागली की समोरच्याची पळता भुई थोडी. तिला स्थळ आलं चिखलीचं. मुलगा शेषराव, मुंबईला विमानतळावर मेकॅनिक. बघायला आला तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, अर्जुनरावांनी, विचारलं, "काम काय असते बापा तुमाले?" तो म्हणाला, "विमान आलं का त्याच्या पोटात शिरतो अन काय बिघडलं ते पायतो." सासरे म्हणाले, "म्हंजे ढोराच्या डॉक्टरावानी." शेषराव मनापासून हसला आणि "हाव, तसंच" म्हणाला. आतून पोह्यांच्या बशा आणताना द्वारकेनं ते ऐकलं. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "वहिनी, मले हाच पायजे. राग नाही आला त्याले."

मुलगा सगळ्यांना पसंत. घरदार चिखलीचं, ओळखीचं. पण पोरगी नांदणार कुठं? मुंबईला. आणि मुंबई म्हणजे जालन्याला जा, तिथून रेल्वे, मनमाडला गाडी बदला, रात्रभर बसा, तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशी उजाडता ममई. येतानाही तेच. दिवेलागण राहिली बाजूला, मधे अख्खी रात्र जायची. सासूबाईंनी एका शब्दात निकाल लावला. "नाही."

द्वारकेनं दोन दिवस भाकर खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी खाल्ली, कारण भूक लागली. पण बोलली नाही, आणि आमच्या घरात द्वारका बोलत नाही म्हणजे मोट बंद पडल्यासारखं. शेवटी सासऱ्यांनी जालन्याला निरोप धाडला आणि सासूबाईंचे धाकटे भाऊ इंद्रभानमामा आले.

इंद्रभानमामा जालन्याच्या अडतीत होते. माल पाहण्याआधी गिऱ्हाइकाचं तोंड पाहायचं, ही त्यांची विद्या. आल्या आल्या त्यांनी स्थळाचं नावच काढलं नाही. जेवले, सुपारी कातरली, आणि मग म्हणाले,

"अक्का, तुहा नेम काय हाये? दिवेलागणीच्या आत पोट्टी घरी. बराबर?"

"हाव."

"गाडी कोनती असावी, असं काही हाये का नेमात?"

"गाडी कोनतीही असो. दमनी असो का एसटी असो."

"मंग विमान काऊन नाही?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता सुपारीचा अडकित्ता जातो मामांच्या डोक्यात. पण मामा पक्के. म्हणाले, शेषराव विमान कंपनीचा माणूस. त्याच्या बायकोला विमानाचा पास मिळतो, तिकिटाचं नावच नाही. सकाळी ममईत बसली की पाऊण तासात खाली.

"पाऊन तास?"

"घड्याळ लावून पाय. पावणेदोनशे मैल अन पाऊन तास."

इथं सासूबाईंनी त्यांना बरोबर पकडलं. "खोटं नको बोलू. मागच्या साली तूच म्हनला का ममईचा रस्ता सव्वादोनशे मैलाच्या वर हाये. बाकीचे मैल कोठी गेले?"

"ते सडकेचे. सडक घाट उतरते, नाशकाले वळसा घालते, गावोगावचं पानी पेते. विमानाले कायचा वळसा?"

विचार करताना सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, तसं गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आपल्या वावराले जाते तशी. गाडीवाट नाल्याले फेरा घालून, अन पायवाट धुऱ्याबांधावरून सरळ."

"अगदी बराबर! पायवाट. पण ढगातली."

मला त्या क्षणी सासूबाईंचं कौतुक वाटलं. विमान त्यांनी फक्त आभाळात ठिपक्याएवढं पाहिलेलं, पण त्याचं गणित त्यांना दोन वाक्यांत कळलं. कळलं नाही ते पुढचं, आणि ते आमच्यातल्या कोणालाच कळलं नाही.

"उतरते कोठी मंग?" त्यांनी विचारलं.

"चिखलठान्याले," मामा म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

झालं. चिखलठाणं, म्हणजे चिखलीचं ठाणं. पोलिसांचं ठाणं असतं तसं विमानाचं. मी सातवी पास, पण मलाही तेच वाटलं. मुलगा चिखलीचा, त्याचं विमान चिखलीला उतरणार, यात शंका घेण्यासारखं होतं काय? सासूबाईंनी बोटावर हिशेब मांडला. सकाळचं विमान, पाऊण तासात चिखली, तिथून देऊळगावराजावरून एसटीनं फार तर तीन तास. "ममईत न्याहारी केली तं दुपारची भाकर दुसरबीडात," त्या म्हणाल्या, आणि द्वारकेला हाक मारून सांगितलं, "जाय, जेव पोटभर. बोलावते त्याहीले."

नंतरचे आठ दिवस सासूबाईंचा पाय जमिनीवर नव्हता. गिरणीवर, विहिरीवर, देवळात, जिथं जातील तिथं विमान. "आमची द्वारका ममईले, पण दुपारी घरी. विमान चिखलीलेच तं उतरते." चिखलीचा बाजार करणारी चार माणसं गावात होती. पण सत्यभामाबाईंना तोंडावर खोटं कोण पाडणार? त्यांनीही समजून घेतलं असेल की उतरत असेल बापा कुठंतरी बाजाराच्या मागं.

बोलणी करायला शेषराव आणि त्याची आई रुखमाबाई आली. वडील नव्हते त्याचे. मामा जालन्याहून आले. मी पहाटेपासून चुलीपाशी. पुरण, कढी, भजी, सगळं. जेवणं उरकली, बायका माजघरात आणि पुरुष ओसरीवर असे बसले, मधे उघडं दार. रुखमाबाई मोठी साधी बाई. दोनदा मला म्हणाली, "तू जेव व पोरी आता." त्या घरात ते मला फार दिवसांनी कोणी म्हणत होतं.

सासूबाई खुशीत होत्या. पानाचं तबक पुढे सारत म्हणाल्या, "तुमचं बरं हाये बाई. विमान तुमच्या दारातच उतरते. आमाले तिथून एसटी धरा लागन."

रुखमाबाईंचा हात तबकावरच थांबला. "कोनाच्या दारात?"

"तुमच्या. चिखलीच्या."

रुखमाबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं हा टोमणा आहे. मुलाच्या नोकरीचा आपण तोरा मिरवला असं या लोकांना वाटलं, म्हणून जेवू घालून चिमटा काढताहेत. "बाई," त्या म्हणाल्या, "पोरगं विमानात काम करते, आमी काही विमानाचे मालक नाही. पसंत नसन तं सरळ सांगा."

"अव, टोमना नाही माय! इंद्रभानंच सांगतलं, चिखलीले विमानाचं ठानं हाये म्हून."

"चिखलीले कापसाच्या गाड्या येतात, बाई. म्या तं तिथं विमान नाही पायलं."

ओसरीवर शेषरावानं मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. मग सावरून तो दारापाशी आला आणि म्हणाला, "मामी, चिखली नाही. चिखलठाना. औरंगाबादले हाये ते."

माझे सासरे मोठ्यानं हसले. त्यांचं हसणं वर्षातून एकदा, आणि तेही नको तेव्हा. इंद्रभानमामा म्हणत राहिले, "म्या चिखलठानाच म्हनलं होतं अक्का, द्वारकेले इचार." सासूबाई म्हणाल्या, "ठानं म्हनला तू." आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. त्यांना चूक झाल्याचं दुःख नव्हतं. गावभर सांगून झालं होतं, ते झोंबलं होतं. उद्या गिरणीवर कोणीतरी विचारणार, आलं का विमान?

"मले येड्यात काढलं," त्या म्हणाल्या. "तुमी समद्याईनं."

मामा अडतीतले. भाव पडला म्हणून ते दुकान बंद करत नाहीत. त्यांनी लगेच नवा हिशेब काढला. ठीक आहे, औरंगाबाद तर औरंगाबाद. पाऊण तासात पोट्टी औरंगाबादला. तिथून जालन्याची एसटी, जालन्यात दुसरी, सिंदखेडराजावरून दुसरबीड. दुपारची भाकर नसेना का, पण दिवेलागण? "दिवेलागणीच्या आत तं खेळत खेळत येते, अक्का! नेम कुठं मोडला?"

आणि खरंच, मोडत नव्हता. मी चुलीपाशी बसून बोटं मोजली, माझाही हिशेब जमला. दाराच्या फटीतून द्वारका माझ्याकडे पाहत होती. सासूबाईंनी पदर मागं सारला. त्यांना चिडायचं होतं, पण नेमाला धरून चिडायला जागा उरली नव्हती.

पण मामांवरचा भरवसा उडाला होता. सासूबाईंनी सरळ शेषरावाला विचारलं. "तू सांग बापा. हा नाही. माही पोट्टी सकाळी निघाली तं विमानात बसतेच ना?"

शेषरावानं "हाव" म्हणावं, म्हणून मामा डोळ्यांनी खुणावत होते. मी मनात म्हणत होते, म्हण रे बाबा. एका शब्दाचा तर प्रश्न.

"जागा असली तं," शेषराव म्हणाला.

"म्हंजे?"

"पासवाल्याले उरलेली जागा भेटते, मामी. तिकीटवाले बसले, अन मंग खुर्ची रिकामी राह्यली, तं आपन. नाही राह्यली तं वापस. थंडीत परदेशी पाव्हने वेरूळ पाह्यले येतात, तवा तं आठ-आठ दिवस जागा नाही भेटत. अन घरून विमानतळावर लवकर जाऊन बसा लागते ते येगळंच. पाऊन तास फक्त वरचा हाये. खालचा धरला तं लय होते."

मामांनी कपाळावर हात मारला. रुखमाबाई मुलाकडे पाहून हळूच म्हणाल्या, "एवढं सांगाची गरज होती का रे?" तो म्हणाला, "इचारलं त्याहीनं."

मला तेव्हा त्याचा असा राग आला म्हणून सांगू! खरं बोलणारी माणसं मला आवडतात, पण थोडं थांबून बोलली असती तर काय बिघडलं असतं. सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, पण उठल्या. आमच्याकडे बोलणीतून घरची बाई उठली म्हणजे बोलणी संपली. "जमत नाही बापा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त पक्कं वाटलं. "पोरगा तू चांगला हायेस. पण म्या नेम नाही मोडत. सोजरे, याहीले सुपारी दे."

मी तबक उचललं, तोच द्वारका माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलीनं या वेळी आत राहायचं असतं. ती राहिली नाही.

"माय, मेहकर किती दूर हाये?"

"तुले काय कराचं मेहकर? आत जाय."

"सांग ना. किती वेळ लागते?"

उत्तर माझ्या सासऱ्यांनी दिलं. अगदी भोळेपणानं. "दीड तास. गाडी बिघडली नाही तं."

"मागच्या कार्तिकात वहिनीच्या मायचा हात मोडला," द्वारका म्हणाली. "तवा वहिनी मेहकरले कवा गेली?"

मी गेलेच नव्हते. निरोप आला तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. ती संपल्यावर जाऊ म्हटलं, तर तुरी आल्या, मग संक्रांत आली, मग सासूबाईंचे गुडघे धरले. कोणी मला "जाऊ नको" म्हटलं असं नाही. "जाय" म्हटलं नाही, एवढंच. आईचा हात आपोआप जुळून आला. वाकडा जुळला, हे मला मेहकरकडच्या कासारणीनं आमच्या दारात बांगड्या भरताना सांगितलं, कारण त्या हातात तिला बांगडी चढवता येईना. त्या दिवशी मी तिच्याकडून हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, तिला चहा दिला आणि मागच्या गोठ्यात जाऊन रडले. द्वारकेनं पाहिलं असावं.

"दीड तासाच्या वाटेवर तिचं अर्धं साल गेलं, माय," द्वारका म्हणाली. "तू विमान मोजून राह्यली, एसटी मोजून राह्यली. धाडनारं कोन हाये, ते काऊन नाही पायत?"

लेकी बोले सुने लागे, हे मी सासरी आल्यापासून ऐकत होते. सासू लेकीला बोलते आणि ते सुनेनं समजून घ्यायचं. त्या दिवशी लेकच सुनेचं बोलली, आणि लागलं ते सासूला. मला मात्र त्या क्षणी द्वारकेचा संताप आला. माझ्या आईचा मोडका हात तिनं परक्या माणसांसमोर असा काढून ठेवावा, तोही आपलं लग्न जुळवायला? आणि त्याच वेळी तिनं ते बोलून टाकलं म्हणून बरंही वाटलं, आणि सुपारी द्यायची विसरून मी तबक घेऊन तशीच उभी राहिले. रुखमाबाईंनी ते माझ्या हातातून घेऊन खाली ठेवलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सून म्हणून आल्याला सहा वर्षं झाली होती, रोज त्या माझ्याकडे पाहायच्या, भाकर जाड आहे का, पदर नीट आहे का. तसं नाही पाहिलं. मग त्या पुन्हा खाली बसल्या.

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मामांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर सासऱ्यांनी त्यांच्या मांडीवर हात ठेवून त्यांना गप्प केलं. शेवटी सासूबाई रुखमाबाईंना म्हणाल्या, "धाडसान का माह्या पोरीले?"

रुखमाबाई काही गोड बोलल्या नाहीत. "म्या कुठं राह्यनार हाये तिथं? म्या चिखलीले. तथी तो अन ती. त्याले इचारा."

शेषराव म्हणाला, "मामी, जागा भेटली तं विमानानं धाडीन. नाही भेटली तं त्याच दिवशी रातच्या रेल्वेत बसवून देईन. दुसऱ्या दिवशी पोचन. पन निरोप आला अन पोट्टी घरीच बसून राह्यली, असं होनार नाही. एवढंच सांगू शकतो."

"दुसऱ्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या. जणू तो शब्द चावून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी तं दुसऱ्या दिवशी. सोजरे, साखर आन."

एवढ्यात झालं सगळं. मी साखर आणली, रुखमाबाईंनी द्वारकेच्या हातावर ठेवली, मामांनी आपल्यामुळेच जमलं असा चेहरा केला. द्वारका आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला ढकललं आणि म्हटलं, "माह्या मायचं नाव पुन्हा घेशीन तं पाय." मग मीच तिला धरून ठेवलं.

पाहुणे गेले. सासूबाई संध्याकाळभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी म्हटलं, आता काढणार ही बाई उट्टं, आज नाही तर उद्या. लग्न जमलं द्वारकेचं, आणि त्याची किंमत फेडायची आपण.

सकाळी मी भाकरी थापत होते. सासूबाई येऊन चुलीपुढे उभ्या राहिल्या. "मेहकरची गाडी कवा हाये?"

मला वाटलं कोणी पाहुणा जायचा आहे. म्हटलं, "येईनच आता थोड्या वेळानं. कोन चाललं, आत्याबाई?"

"तू."

मी भाकर तव्यावर टाकायची विसरले. "मी? काऊन?"

"काऊन काय काऊन! मायले भेटाले कारन लागते का?" त्या माझ्यावर अशा खेकसल्या की कोणाला वाटावं मी काही चोरलं आहे. "ऊठ. हात धू."

"पन भाकरी..."

"माहे हात मोडले का?" त्या म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्या माझ्याकडे न पाहता पाटावर बसल्या, पीठ ओढून घेतलं आणि थापायला लागल्या. जोरजोरात. माझी कधी कोणी माफी मागितलेली नाही, त्यामुळे ती कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. आता वाटतं, ती तीच होती. पण तेव्हा मी फक्त एवढं केलं, की त्यांचं मन बदलायच्या आत पिशवीत एक लुगडं कोंबलं आणि फाट्यावर पळाले.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. किलोमीटरचे नवे पांढरे दगड मागे जात होते. सुलतानपूर गेलं. दोन्ही बाजूंना काळी वावरं, नांगरून उघडी पडलेली. मला वाटलं होतं मी रडेन, पण मला हसू येत होतं. इतका जवळचा रस्ता. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोठी चालली व?" मी म्हटलं, "मायच्या घरी." "काही कार्य हाये का?" "नाही." ती मला खुळी समजली असावी, कारण पुढे काही बोलली नाही.

मेहकरात उतरून मी गल्लीत वळले तेव्हा ऊन अजून चढलं नव्हतं. माझी आई, तानुबाई, अंगणात बसून सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. डावा हात मनगटापाशी बाहेरच्या बाजूला वळलेला, त्यामुळे सूप एका अंगाला कलत होतं आणि दाणे त्या बाजूनं सांडत होते. त्या हातात काकणं नव्हती, काळा दोरा बांधलेला होता. तिनं मान वर केली. मी हसले.

ती हसली नाही. सूप तिच्या हातून पडलं. ती उठली, धडपडत माझ्यापाशी आली आणि माझे दोन्ही दंड धरून माझ्या मागं पाहू लागली, गल्लीत, वळणापर्यंत, की मला पोचवायला कोण आलं आहे.

"काय झालं?" ती म्हणाली. "कोन गेलं? जावाई बरे हायेत का? मारलं का कोनं तुले? बोल ना व!"

"काही नाही झालं, माय. सहज आली."

"सहज काऊन येशीन?" तिचा वाकडा हात माझ्या तोंडावरून, मानेवरून, पाठीवरून फिरत होता, कुठं लागलं आहे का ते चाचपत. "खरं सांग. त्याहीनं धाडून देल्लं का तुले? कायमचं?"

मी तिला किती वेळा सांगितलं की सासूबाईंनीच जा म्हटलं, द्वारकेचं लग्न जमलं, घरी सगळे खुशाल आहेत. तिनं मला पाणी दिलं, चहा दिला, माझ्यापुढे बसून राहिली आणि प्रत्येक वेळी मान हलवून पुन्हा तेच विचारलं. तिला पटलं तेव्हा दुपार उलटून गेली होती.